परागंदा भूस्वामी : इंग्लंडमधील पट्ट्याच्या सदनिका आणि मालकीची परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्लंड आणि वेल्स या देशांत सदनिका विकत घेणारा मनुष्य तिला ‘माझे घर’ म्हणतो. शेजारीपाजारी त्याला त्या सदनिकेचा मालक म्हणून ओळखतात. विक्रीच्या जाहिरातीतही ‘विकणे आहे’ असेच शब्द असतात. परंतु दस्तऐवज उघडून पाहिला म्हणजे असे आढळते की, त्याने विकत घेतले आहे ते घर नव्हे, तर काही वर्षांची मुदत होय. ही मुदत ९९ वर्षांची असते, १२५ वर्षांची असते, क्वचित ९९९ वर्षांचीही असते. ती संपल्यावर भिंती, छप्पर आणि खालची जमीन ही ज्याच्याकडे परत जावयाची, तो भूस्वामी निराळाच असतो. बोलण्यातला मालक हा कायद्यातला भाडेकरू असतो, आणि कायद्यातला मालक पुष्कळदा त्या घराचा उंबरठाही ओलांडीत नाही.

आता हा भूस्वामीच नाहीसा झाला तर? त्याचा पत्ता कोणास ठाऊक नाही, भूभाडे मागावयास वर्षानुवर्षे कोणी आलेले नाही, पाठविलेली पत्रे परत येतात, अशी स्थिती असेल तर? प्रथमदर्शनी ही पट्टेदाराच्या भाग्याचीच गोष्ट वाटेल. भाडे मागणारा नाही, तगादा नाही. प्रत्यक्षात मात्र हे भाग्य वरवरचे ठरते. छप्पर गळू लागले तर दुरुस्तीची जबाबदारी कोणावर टाकावयाची? इमारतीचा विमा कोणी उतरावयाचा? घरात फेरफार करण्यास भूस्वामीची लेखी अनुमती आवश्यक असेल, तर ती कोणाकडे मागावयाची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पट्ट्याची मुदत कोणासाठी थांबत नाही. ती ८० वर्षांच्या खाली उतरली म्हणजे सदनिकेची किंमत घसरू लागते, तारणावर कर्ज देणाऱ्या संस्था मागे सरतात, आणि मुदत वाढवून मागावी तर ती देणारा हातच सापडत नाही. आयुष्यभराची कमाई घातलेले घर अशा रीतीने विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, आणि हळूहळू हातातून निसटत जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू या अडचणीवर कायदेशीर सल्ला देण्याचा नाही. लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र होय. कायद्याचा अधिकारी म्हणून बोलण्याचा त्याचा दावा नाही. परंतु हा प्रश्न निर्माण कसा झाला याचा शोध घेऊ लागले असता तो बव्हंशी शब्दांच्या इतिहासात गुंतलेला दिसतो, आणि त्या इतिहासाचे काही धागे महाराष्ट्राच्या भूव्यवस्थेच्या परिभाषेशी ताडून पाहण्यासारखे आहेत. तेवढाच प्रयत्न येथे केला आहे.

२. ‘फ्रीहोल्ड’ आणि ‘लीज’

‘फ्रीहोल्ड’ या शब्दातील ‘फ्री’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे आणि ‘निर्बंध’ही नव्हे. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘लिबेरुम टेनेमेन्टुम’ या संज्ञेचा हा इंग्रजी अवतार असून, स्वतंत्र मनुष्यास शोभेल अशा सेवेच्या मोबदल्यात धारण केलेली भूमी, असा त्याचा मूळ आशय आहे. येथे ‘धारण’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नॉर्मन विजयानंतर रूढ झालेल्या सिद्धांतानुसार इंग्लंडातील सर्व भूमी अंतिमतः राजाची. इतर सर्वजण ती कोणाच्या तरी हाताखाली धारण करणारे. १२९० च्या ‘क्विया एम्पटोरेस’ या कायद्याने वंशपरंपरागत भूमीच्या बाबतीत एकाखाली एक नवे धारक निर्माण करण्याची प्रथा बंद केली. त्यामुळे मधले सरदार कालांतराने गळत गेले, आणि बहुतेक फ्रीहोल्डर व राजसत्ता यांच्यामध्ये व्यवहारात कोणी उरले नाही. तथापि राजा हा अंतिम भूस्वामी, ही कल्पना पुसली गेली नाही. पुढे आपल्या प्रश्नात ती अनपेक्षित रीतीने डोके वर काढते.

‘लीज’ या शब्दाची कुळकथा निराळी आहे. त्याचे मूळ ‘सोडणे, सैल करणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘लाक्सारे’ या धातूत असून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. भूस्वामीने काही काळापुरती पकड सैल केली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच प्रारंभीच्या इंग्रजी कायद्यात मुदतीचा पट्टा ही भूमीतील मालमत्ता मानलीच जात नव्हती. तिची गणना ‘चॅटेल’ या वर्गात, म्हणजे जंगम वस्तूंत होत असे. ‘चॅटेल’ आणि गुराढोरांसाठीचा ‘कॅटल’ हे दोन्ही शब्द ‘कापिताले’ या एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले आहेत, हे सांगितले म्हणजे पट्टेदाराचे तत्कालीन स्थान वेगळे सांगावयास नको. त्याला कोणी हुसकावून लावले तर नुकसानभरपाई मिळे. जमीन परत मिळेलच अशी खात्री नसे. जमिनीचाच ताबा परत मिळविण्याचा अधिकार त्याला न्यायालयांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस मान्य केला. भूस्वामी आणि तिसरा इसम यांनी संगनमताने खोटा दावा चालवून पट्टा बुडवावा, या युक्तीस १५२९ च्या कायद्याने आळा बसला.

या दोन प्रवाहांचा संगम १९२५ च्या मालमत्ताविषयक कायद्यात झाला. त्याने भूमीतील पूर्ण कायदेशीर हक्कांचे दोनच प्रकार शिल्लक ठेवले : एक, निरवधी हक्क, म्हणजे फ्रीहोल्ड, दुसरा, निश्चित मुदतीचा हक्क, म्हणजे लीजहोल्ड. जंगमांच्या कळपातून निघालेला पट्टा अशा प्रकारे भूमीच्या पंक्तीस येऊन बसला. परंतु पंक्तीचा मान मिळाला तरी मुदतीचा डाग गेला नाही.

३. सदनिका पट्ट्यानेच का?

येथे एक शंका सहज उद्भवते. जमिनीपासून वर अधांतरी असलेली सदनिका फ्रीहोल्ड म्हणून विकण्यास कायद्याची मनाई नाही. मग इंग्लंडात ती जवळजवळ नेहमी पट्ट्यानेच का विकली जाते?

याचे एक कारण परंपरेत आहे. सतराव्या शतकापासून लंडनमधील मोठमोठ्या सरदारांनी आपल्या जमिनी बांधकामाच्या पट्ट्याने दिल्या. ब्लूम्सबरी, मेफेअर, बेल्ग्रेव्हिया ही वस्ती अशाच पट्ट्यांवर उभी राहिली. बांधणाऱ्याने घर बांधावे, मुदतभर उपभोगावे, आणि अखेरीस जमीन व घर दोन्ही जमीनदाराच्या वंशजाकडे परत जावीत, अशी ही योजना होती.

दुसरे कारण अधिक तांत्रिक, आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकाचे घर दुसऱ्याच्या घरावर टेकलेले असते. तळमजल्याने पाया सांभाळला पाहिजे, वरच्याने छप्पर. ही बंधने पुढच्या खरेदीदारांवरही चालू राहिली पाहिजेत. ‘अमुक करू नये’ अशा निषेधात्मक अटी जमिनीबरोबर पुढे जाऊ शकतात, हे १८४८ च्या ‘टल्क विरुद्ध मॉक्सहे’ या खटल्यात ठरले. परंतु ‘अमुक खर्च करावा’ अशी विधायक अट फ्रीहोल्डच्या नव्या मालकावर बंधनकारक होत नाही, असा निर्णय १८८५ मध्ये ‘ऑस्टरबेरी विरुद्ध ओल्डहॅम’ या खटल्यात झाला, आणि उमराव सभेने १९९४ मध्ये ‘रोन विरुद्ध स्टीफन्स’ या खटल्यात तोच उचलून धरला. योगायोग असा की, हा १९९४ चा वाद एका छपराच्या दुरुस्तीचाच होता. पट्ट्यात मात्र भूस्वामी आणि पट्टेदार यांचे नाते सतत चालू असल्याने विधायक अटीही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणजे सदनिकेसाठी पट्टा वापरला गेला तो दोघांमधील अटी जिवंत राहाव्यात म्हणून. आणि त्या दोघांपैकी एकजण नाहीसा होताच ही सारी रचना लंगडी पडते. परागंदा भूस्वामीचा प्रश्न इतका जिव्हारी लागतो तो यामुळे.

४. भूस्वामी नाहीसा कसा होतो?

मोठे सरदार नाहीसे होत नाहीत. त्यांच्या कचेऱ्या असतात, कारकून असतात, वसुलीची खाती असतात. नाहीसा होतो तो लहान भूस्वामी. एखादे व्हिक्टोरियाकालीन घर दोन-तीन सदनिकांत विभागले जाते. त्या लांब मुदतीने, पूर्ण किंमत घेऊन दिल्या जातात. आणि भूस्वामीच्या हाती वर्षाला काही पौंडांचे भूभाडे तेवढे उरते. ते वसूल करावयास टपालखर्च आणि कष्टच अधिक. मग तो वसुली सोडतो, गाव सोडतो, देश सोडतो, किंवा मरतो. आणि वारसांना या हक्काची वार्ताही नसते. तात्पर्य, हक्क इतका कृश होतो की त्याच्या मालकालाच त्याचा विसर पडतो.

विसराला नोंदवहीचा आधार असता तर तो इतका घातक ठरला नसता. इंग्लंडमध्ये भूमिनोंदणीचे कार्यालय १८६२ साली स्थापन झाले खरे. परंतु विक्रीनंतर नोंदणी सक्तीची करणारा नियम एकेका प्रदेशात पसरत पसरत सर्व देशाला लागू होण्यास १९९० चा डिसेंबर उजाडावा लागला. त्याच महिन्यात ती नोंदवही सामान्य जनतेस पाहण्यासाठी खुली झाली. ज्या फ्रीहोल्डचा व्यवहार त्यापूर्वीच थांबला होता, त्याची नोंद कित्येकदा झालीच नाही.

नाहीसे होण्याचे तीन प्रकार कायद्याच्या दृष्टीने वेगळे मानावे लागतात. पहिला, भूस्वामी जिवंत असेल वा नसेल, परंतु सापडत नाही. दुसरा, तो मृत झाला असून त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यास कोणी पुढे आलेला नाही. तिसरा प्रकार भूस्वामी ही कंपनी असून ती विसर्जित झाल्याचा. या तिसऱ्या प्रकारात एक विलक्षण विपर्यास पाहावयास मिळतो. पुष्कळ इमारतींत पट्टेदारांनीच एकत्र येऊन कंपनी काढलेली असते आणि फ्रीहोल्ड तिच्या नावे घेतलेला असतो. पुढे वार्षिक विवरणपत्रे भरण्याचे कोणी ध्यानात ठेवीत नाही, निबंधक तिचे नाव पटावरून काढून टाकतो, आणि रहिवासी ज्या भूस्वामीच्या शोधात निघतात तो भूस्वामी म्हणजे त्यांचीच विस्मरणात गेलेली संस्था निघते.

विसर्जित कंपनीची मालमत्ता राजसत्तेकडे जाते. तिला ‘बोना व्हाकान्शिया’ असे लॅटिन नाव आहे. ‘रिकामे पडलेले धन’ हा त्याचा शब्दार्थ, आणि मराठीतील ‘बेवारस’ हा त्याला जवळचा प्रतिशब्द. लँकेस्टर व कॉर्नवॉल या दोन डची प्रदेशांत हा अधिकार त्या त्या डचीचा असतो. अन्यत्र तो ट्रेझरी सॉलिसिटर या अधिकाऱ्यामार्फत चालतो. हे धन नको असेल तर राजसत्ता ते नाकारू शकते. मग तो फ्रीहोल्डच लयास जातो आणि भूमी अंतिम भूस्वामीकडे, म्हणजे पुन्हा राजाकडेच, निराळ्या नात्याने परतते. याला ‘एस्चीट’ म्हणतात. मात्र एवढ्याने पट्टा नष्ट होत नाही. ‘एस्चीट’ म्हणजे वाट्यास ‘पडलेले’; लॅटिन ‘कादेरे’, पडणे, हे त्याचे मूळ. अशी मालमत्ता गोळा करणारे मध्ययुगीन अंमलदार इतके बदनाम झाले की, ‘फसवणे’ या अर्थाचा इंग्रजीतील ‘चीट’ हा शब्द याच ‘एस्चीट’चे झिजलेले रूप आहे. वारस नसल्यामुळे होणारा ‘एस्चीट’ १९२५ साली रद्द होऊन त्याच्या जागी ‘बोना व्हाकान्शिया’ आला. परंतु नाकारलेल्या फ्रीहोल्डपुरता हा सातशे वर्षांपूर्वीचा शब्द आजही कामकाजात आहे.

५. उपायांचा क्रम

येथे एका समजुतीचे निरसन केले पाहिजे. अनेक वर्षे भाडे न दिल्याने पट्टेदार आपोआप भूस्वामी होतो, असे पुष्कळांस वाटते. लेखी पट्टा चालू असेतोवर तसे होत नाही. थकलेले भाडे किती वर्षांपर्यंत मागता येईल यास मर्यादा आहे. पण भूस्वामीचे भूस्वामित्व त्याच्या मौनाने संपत नाही.

म्हणून विधिमंडळास वेगळी वाट काढावी लागली. १९६७ च्या कायद्याने लांब मुदतीच्या पट्ट्याने घेतलेल्या स्वतंत्र घरांच्या रहिवाशांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क दिला, आणि त्याच्या २७ व्या कलमात भूस्वामी सापडत नसल्यास काय करावे याचीही तजवीज केली. सदनिकांना हा लाभ मिळावयास मात्र आणखी २६ वर्षे लागली. दरम्यान १९८७ च्या कायद्याने भूस्वामीने पट्टेदारास आपला पत्ता कळविलाच पाहिजे असे ठरविले. तो कळविला जाईपर्यंत भाडे देणे लागत नाही. पत्ता न देणाऱ्यास त्याचा धाक असतो. जो मागावयासच येत नाही त्याला कसला धाक?

१९९३ च्या कायद्याने सदनिकाधारकांना दोन मार्ग मोकळे झाले. एकट्याने जावयाचे तर चालू मुदतीत ९० वर्षांची भर घालणारा, नाममात्र भाड्याचा नवा पट्टा मागता येतो. इमारतीतील सदनिकांपैकी किमान निम्म्या सदनिकांचे धारक एकत्र आले तर, इतर अटींची पूर्तता होत असल्यास, सबंध फ्रीहोल्डच विकत घेता येतो. दोन्ही मार्गांची सुरुवात भूस्वामीस नोटीस बजावण्यापासून होते. आणि नोटीस घेणाराच नसेल तर अर्जदाराने न्यायालयाकडे जावे, अशी सोय त्याच कायद्यात आहे.

या सोयीचे कार्य पाहण्यासारखे आहे. शोध घेतल्याचा पुरावा अर्जदाराने प्रथम द्यावयाचा : अखेरच्या ज्ञात पत्त्यावर पाठविलेली पत्रे, भूमिनोंदणीचा व कंपनीनिबंधकाचा उतारा, शेजाऱ्यांकडील चौकशी. न्यायालयास वाटल्यास ते वृत्तपत्रात जाहिरात देण्यासही सांगते. शोध पुरेसा झाला असे पटल्यावर हक्क निहित करणारा हुकूम होतो. किंमत विशेष न्यायाधिकरण ठरविते. ती रक्कम न्यायालयात जमा होते, आणि हरवलेल्या माणसाच्या जागी न्यायालयाने नेमलेला मनुष्य दस्तऐवजावर सही करतो. दस्त होण्यापूर्वी खरा भूस्वामी सापडलाच, तर हा मार्ग थांबून व्यवहार नेहमीच्या वाटेने पुढे जातो. म्हणजे कायदा त्याची मालमत्ता हिरावून घेत नाही. तो त्याच्या वतीने बोलतो, त्याचे पैसे राखून ठेवतो, आणि अखेरपर्यंत दार किलकिले ठेवतो.

विसर्जित कंपनीच्या बाबतीत राजसत्तेच्या प्रतिनिधीकडून हक्क विकत घेता येतो, अथवा साधारणतः सहा वर्षांच्या आत कंपनीचे नाव पुन्हा पटावर आणविता येते. केवळ इमारतीची देखभाल हाती घ्यावयाची असेल, तर २००२ च्या कायद्याने दिलेला व्यवस्थापनाचा हक्क आहे. भूस्वामी सापडत नसल्यास तोही न्यायाधिकरणामार्फत मिळविता येतो. त्याच कायद्याने ‘कॉमनहोल्ड’ हा भूस्वामीविरहित सामाईक मालकीचा नवा प्रकार आणला. तो २००४ पासून उपलब्ध असूनही त्याचा स्वीकार अगदी मोजक्या इमारतींनी केला. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात मुदतवाढ ९० ऐवजी ९९० वर्षांची करण्याची तरतूद आहे. मात्र त्या कायद्याची अंमलबजावणी एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने करावयाची असे ठरले.

६. महाराष्ट्रातील दोन समांतरे

‘परागंदा’ हा शब्द मूळचा फारसी. ‘विखुरलेला’ असा त्याचा अर्थ. मराठी कागदपत्रांत तो येतो तो बहुधा दुष्काळाने वा स्वाऱ्यांनी देशोधडीस लागलेल्या रयतेसंबंधी. दख्खनच्या गावगाड्यात मिरासदार हा वंशपरंपरागत हक्काचा धारक आणि उपरी हा बाहेरून आलेला, मर्जीवर कसणारा. मिरासदाराचे कुळ नष्ट झाले वा परागंदा झाले म्हणजे त्याच्या जमिनीस ‘गतकुल’ म्हणत. ती पाटील व गावकरी मिरासपत्र करून नव्या माणसास देऊ शकत. तरीही थळास जुन्या कुळाचे नाव पुष्कळदा चालूच राही. गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचे जे काम इंग्लंडात नोंदवही आणि न्यायालय यांच्याकडे आले, ते येथे गाव आणि भाषा यांनी केले. फरक असा की, दख्खनेत परागंदा झाला तो कसणारा. इंग्लंडमधील सदनिकांत परागंदा होतो तो भूस्वामी, आणि राबता असतो तो पट्टेदाराचा.

दुसरे समांतर आपल्या काळातील आहे. मुंबईच्या बोलीत ‘पागडीची जागा’ आणि ‘ओनरशिपचा ब्लॉक’ असा भेद रूढ आहे. ‘ओनरशिप’ म्हटले की सर्व काही आपले झाले असे ऐकणाऱ्यास वाटते. परंतु १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार बांधणाऱ्याने जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण रहिवाशांच्या संस्थेस करून द्यावे लागते, आणि असंख्य संस्थांना ते वर्षानुवर्षे मिळाले नाही. २००८ च्या दुरुस्तीने ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय केली. बांधणारा सही करीत नसेल, तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून प्रमाणपत्र देतो आणि बांधणाऱ्याच्या सहीवाचून दस्त नोंदला जातो. ‘मानीव’ हे विशेषण मोठे बोलके आहे. जे झाले नाही ते झाले असे मानणे, हीच इंग्लंडमधील न्यायालयनियुक्त सहीचीही युक्ती होय.

साम्य येथे संपते. इंग्लंडमधील भूस्वामी नाहीसा होतो तो बहुधा आपला हक्क कवडीमोलाचा झाला म्हणून. मुंबईतला बांधणारा पुष्कळदा सापडत नाही तो जमिनीचा भाव आणि शिल्लक चटईक्षेत्र यांचे मोल वाढत चालले म्हणून. एकास विसर पडलेला असतो, दुसऱ्यास नको तितके आठवत असते. उपाय सारखे दिसले तरी रोग एक नव्हे, हे तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याने विसरता कामा नये.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘मालक’ हा शब्द लोकव्यवहारात राहण्याशी, सांभाळण्याशी, दिवा लावण्याशी जोडलेला असतो. कायद्यात तो सहीच्या अधिकाराशी जोडलेला असतो. भूस्वामी हजर असतो तोवर या दोन अर्थांतील अंतर कोणास जाणवत नाही. तो नाहीसा झाला म्हणजे ते उघडे पडते आणि त्याची किंमत घरात राहणाऱ्यास मोजावी लागते. १९६७ पासूनचे इंग्रजी कायदे म्हणजे हे अंतर थोडे थोडे कमी करण्याचा प्रयत्न होय. तो पुरा झाला असे म्हणता येत नाही. कारण रहिवाशाला अजूनही आपलेच घर आपले करून घेण्यासाठी प्रथम एका हरवलेल्या माणसाचा शोध घ्यावा लागतो, आणि तो सापडत नाही हे सिद्ध करून दाखवावे लागते.